अर्ध्या शिडाचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका धाडसी माणूस अख्ख्या मावळात नाही, आणि भित्रा म्हणून त्यांच्याइतका बदनाम झालेलाही दुसरा नाही. ही दोन्ही बिरुदं त्यांनी एकाच सवयीवर मिळवली. पवनेच्या धरणात शिडाच्या होड्यांची शर्यत लागली आणि वारा वाढला, की हे आपल्या होडीचं पुढचं शीड थोडं गुंडाळून घेतात. पुरतं उतरवत नाहीत, पुरतं उघडंही ठेवत नाहीत. दोरी ओढून ते चटईसारखं स्वतःच्याच कडेभोवती गुंडाळायचं आणि उरलेल्या शिडावर शर्यत मारायची, हा त्यांचा खाक्या. बाकीची मंडळी वारा सुटला की शिडाबरोबर छातीही फुगवतात. आमचे साडू तोवर दोरी ओढून मोकळे झालेले असतात.

साडू मूळचे कामशेतचे, पण सगळी नोकरी लोणावळ्याला रेल्वेत, घाटातून मालगाड्या उतरवण्यात गेली. "घाट इंजिनानं उतरत न्हाई पावनं, ब्रेकनं उतरतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून साखरपुड्यापासून ऐकत आलोय. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यांनी एक जुनी होडी घेतली आणि घाटातलं तत्त्वज्ञान पाण्यात उतरवलं. मग ते घरातही पसरलं. लोणावळ्याच्या वादळी पावसात ते छत्री अर्धीच उघडतात. एकदा बाजारातून दोघं परत आलो, तेव्हा माझी छत्री उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या होत्या आणि हे नखशिखांत भिजले होते. "माजी मोडली का?" त्यांनी विजयी मुद्रेनं विचारलं. मी नाही म्हणालो. "मंग!" लग्नाच्या पंगतीत पाहुणे अजून हात धूत असतात तोच हे सतरंजी गुंडाळायला घेतात, आणि मी जरा रंगात येऊन बोलायला लागलो की हळूच म्हणतात, "पावनं, थोडं गुंडाळा. वारा लय झाला."

पण त्यांची ही विद्या वरवरची नव्हे. शीड गुंडाळलं की मधे त्याला पोट सुटतं, आणि पोट सुटलेलं शीड होडीला पुढे नेण्याऐवजी आडवं ढकलतं. यावर साडूंनी उपाय शोधला. शिडाच्या पुढच्या कडेला आतून जाडसर पट्टी शिवली, की गुंडाळताना ढिलेपणा त्या पट्टीत जिरतो आणि उरलेलं शीड ताठ राहतं. पहिली पट्टी त्यांनी माझ्या मेहुणीच्या, म्हणजे स्वतःच्याच बायकोच्या, गोधडीतून कापली. ती पाणी पिऊन इतकी जड झाली, की होडी नाक खाली करून जलसमाधीची तयारी करू लागली. दुसरी पट्टी फोमची, ती मात्र झकास बसली. तो फोम माझ्या सोफ्यातला होता, हे मला त्यावर बसल्यावर कळलं. दुसरा नियम कप्पीचा. शिडाची दोरी ज्या कप्पीतून येते, ती शीड गुंडाळल्यावर पुढे सरकवायची, नाहीतर शिडाचं वरचं टोक नुसतं फडफडतं. "गुंडाळलं की कप्पी पुडं," हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला, दूधवाल्याला आणि एका भटजींनाही समजावलं आहे.

ऐकलं नाही ते फक्त त्यांच्या लेकीनं. ही पोरगी धरणाच्या काठावर पर्यटकांना होडी शिकवते, आणि बापासारखीच हट्टी आहे. "आबा, तुमचं ते भित्र्याचं शीड," असं ती चारचौघांत म्हणायची. गेल्या वर्षी साडूंचा खांदा धरला, तेव्हा तिनं सरळच सांगितलं, "आता सुकाणू सोडा. होडी मी चालवते."

"शर्यतीत हरव, आन् घे," साडू म्हणाले. "तोवर हात लावायचा न्हाई."

वैशाखातली दुपार होती. लेक शिकवायच्या होडीत एका मैत्रिणीला घेऊन बसली, साडूंच्या होडीत दोऱ्या ओढायला मी. तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा असा सुटला, की माझी टोपी पहिल्याच झटक्यात समोरच्या तिकोना गडाकडे रवाना झाली. साडूंनी शीड गुंडाळलं, मी कप्पी पुढे सरकवली, आणि आमची होडी शहाण्या बैलासारखी सरळ रेषेत निघाली. लेकीचं शीड पुरतं उघडं. तिची होडी इतकी कलली, की सुकाणू पाण्याबाहेर दिसू लागलं. शेवटच्या टप्प्याला आम्ही चांगलेच पुढे होतो. मागे पाण्यावर वाऱ्याचा काळपट पट्टा तिच्याकडे धावताना दिसला. साडूंचा चेहरा उतरला.

"ओरडून सांगू का?" मी विचारलं.

"नको. तिची होडी, तिचा हात." पण त्यांचे ओठ हलत होते.

आणि तिनं दोरी ओढली. शीड गुंडाळलं गेलं, अगदी बापाच्या मापानं. मग तिची मैत्रीण वाकली आणि कप्पी पुढे सरकली.

"कप्पी! कप्पी बगितली का पावनं?" असं ओरडत साडू उठून उभे राहिले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. टाळीला दोन हात लागतात. सुकाणू सुटलं, आमच्या होडीनं गिरकी घेतली, आणि लेक शेजारून सुळकन पुढे निघून गेली. आम्ही हरलो. काठावर साडू असे उतरले, जणू हार त्यांच्याच गळ्यात पडणार आहे. भेटेल त्याला म्हणत होते, "माज्या पोरीनं मला हरवलं, ते बी गुंडाळून!" मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला, की मी सोफ्याचा विषय कायमचा सोडून दिला.

आता सुकाणू लेकीकडे असतं. साडू पुढे, माझ्या जागी दोरी धरून बसतात, आणि मी काठावर चहाचा थर्मास सांभाळतो. परवा पाहिलं. वाऱ्याचा पट्टा पाण्यावरून येत होता, साडूंच्या हातात दोरी होती, पण ते ओढेनात. मग पाण्यावरून तिची हाक आली, "आबा, गुंडाळा!" आणि त्यांनी निमूट दोरी ओढली.

काठावर आल्यावर चहा ओतत मी विचारलं, "साडू, वारा तर मला इथून दिसत होता. तुम्ही हाकेसाठी थांबलात?"

"मंग! तिला दिसतोय का, ते बगत हुतो," ते ऐटीत म्हणाले.

लेक पाण्याशी होडी बांधत होती. तिच्याकडे बघत त्यांनी चहाचा घोट घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू पावनं? तिनं हाक मारली, तवा मला अजून दिसलाच नव्हता."