मालिकेतल्या आईचं स्वयंपाकघर

मंडळी, आज शेगावला दर्शनाच्या रांगेत एक आजोबा भेटले. जानेफळचे. आपण लहानपणी बघायचो त्या घरगुती विनोदी मालिकेच्या सेटवर ते सुतार होते!

मी लगेच आईचा जुना प्रश्न विचारला. मालिकेतली आई सारखी चहा करायला पडद्याआड जायची. माझी आई पोळ्या लाटता लाटता दारातून बघायची आणि म्हणायची, "हिचं सैपाकघर काऊन नाही दाखवत?"

आजोबा हसले. "सैपाकघर नव्हतंच बा. पडद्यामागं म्या खुर्ची ठेवली होती. बाई तिथं निवांत बसून राहायच्या."

घरी येऊन हे सांगायला आता आई नाही. स्वयंपाकघरात ती कधी बसलेली मला आठवत नाही. पण ती काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे.

"बसत होती ना? मंग बरं झालं."

तुमच्या आईचा कोणता प्रश्न राहून गेलाय?