खिशात लपवलेले हात

कडा गावच्या एसटी स्टँडवर एक डोंगराएवढा गडी शेजारी टेकला आणि बाकडं माझ्या बाजूनं असं वर उडालं, की माझं डोकं वरच्या पत्र्याला लागलं! मनगटं उसाच्या मोळीएवढी, पण दोन्ही हात खिशात. चहा दिला तरी बाहेर काढीना. बॉक्सर होता. पुण्यात सरावाला जागा मिळाली होती, म्हणून एसटीची वाट बघत होता.

मी थट्टेनं विचारलं, "एवढा मोठा आपला देश, पण जगात नाव काढणारे बॉक्सर इतके कमी कावून?"

"हात चांगला दिसला की पुढारी उचलतात, दादा. आपल्या मागं उभं करायला, लोकांना मारायला. रिंगमध्ये घंटा वाजली की मारणारा थांबतो. यांच्याकडं घंटाच न्हाई."

तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. काच खाली गेली. "चल बे, साहेब बोलवायलेत." आतला हसत होता.

त्या डोंगरानं हात खिशात आणखी खोल कोंबले. तो उठून गाडीत बसला. निघताना आतल्यानं माझ्याकडंही निरखून पाहिलं. पापड मोडताना धापा टाकणारे माझे हात मी गपकन खिशात घातले.

पुण्याची एसटी आली, गेली. माझे हात बाहेर येईनात.