रुद्रेशने सोडवलेली वायर

धारगळच्या रुद्रेशला सगळे ‘गिटारवालो’ म्हणत, पण त्याला गिटार धड वाजवता येत नसे. दिवसभर तो तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर उभा असायचा. संध्याकाळी घरी आला की खिडकीपाशच्या मेजावर सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचा. पेडण्या-डिचोलीतल्या वाजवणाऱ्यांच्या गिटारी त्या मेजावर येत. कुणाला तारांचा आवाज पकडणारं पिकअप बदलून हवं असे, कुणाच्या छोट्या अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाजच गेलेला असे. रुद्रेश हे सगळं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकला होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. जरा जास्तच, असं त्याची बायको अर्चना म्हणायची.

लग्नसराईच्या तोंडावर डिचोलीचा प्रज्योत आपला अँप घेऊन आला. तो लग्नांत गिटार वाजवत गायचा.

“रुद्रेशदा, ह्येचा घूं घूं तेवढा बंद कर मरे. गाताना कानात भुंगो शिरल्यासारखा वाटता.”

रुद्रेशने कपॅसिटर बदलले, तारा हलवून पाहिल्या. घूं जाईना. शेवटी त्याने आतल्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची हिरवी वायर सोडवली आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. करंट गळलाच तर माणसाला न लागता जमिनीत जावा म्हणून ती वायर असते, ती काढायची नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागाहून नीट बघू, असं मनाशी म्हणत त्याने झाकण बसवलं. प्रज्योत खूश होऊन ज्याला त्याला रुद्रेशची जादू सांगत सुटला. रुद्रेशनेही ते कौतुक मुकाट्याने खिशात घातलं.

पुढे सर्वणला रुद्रेशच्या ओळखीच्या यशवंतांच्या मुलीचं लग्न होतं. दारात मांडव, दुपारची पंगत आणि एका बाजूला प्रज्योतचं गाणं. रुद्रेश जेवायला बसणार तोच गिटार वाजवता वाजवता प्रज्योत माइककडे वाकला, त्याचे ओठ माइकला लागले आणि तो किंचाळून मागे फेकला गेला. ओठ पोळला. पडताना हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं.

ती किंकाळी कानावर पडताक्षणी रुद्रेशला कारण कळलं: अँपमध्ये गळलेला करंट हिरव्या वायरीऐवजी गिटारच्या तारांतून प्रज्योतच्या अंगातून गेला होता.

मांडवाचा कंत्राटदार जयराम आपल्या वायरमनवर धावून गेला. हा वायरमन दिनकर, गोव्याबाहेरचा, मूळचा चंदगडकडचा. “तुका वायरिंग येता काय रे? माणूस मारतलो हुतंस!”

“मालक, माझी वायर बरोबर हाय. सकाळीच अर्थिंग बघितलंय मी.”

जयरामने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला रुद्रेश दिसला. “रुद्रेश, तुका ह्यातला कळता. तूच सांग.”

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. तो बोर्डाजवळ गेला, उगाच वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अर्थिंगचाच घोटाळो दिसता.”

शब्द खरेच होते, फक्त अर्थिंग मांडवाचं नव्हे, अँपचं, एवढं त्याने सांगितलं नाही. जयरामने दिनकरच्या हातातला टेस्टर हिसकावला आणि भर पंगतीसमोर त्याला चालता हो म्हणाला. “भायल्यांक कामाक ठेवलां की असाच,” कुणीतरी बोललं. दिनकरने एकदा रुद्रेशकडे पाहिलं, चपला घातल्या आणि तो रस्त्याला लागला.

तपासतो म्हणून रुद्रेशने अँप घरी आणला. त्याने अर्चनाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “मगे थंय तुमी गप कित्याक रवलात?” त्याने झाकण उघडून वायर पुन्हा पत्र्याला जोडली.

रविवारी तो अँप गाडीवर बांधून तुयेला दिनकरच्या खोलीवर गेला. दिनकर नळावर कपडे धूत होता. रुद्रेशने उभ्याउभ्याच सांगितलं, चूक माझी होती.

दिनकर कपडे पिळत राहिला. “हे त्या लोकास्नी सांगिटलं काय?”

“अजून नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलाय? मला म्हाईतच हाय की.”

रुद्रेश तिथून तडक डिचोलीला गेला. प्रज्योतने ऐकून घेतलं, प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. “वायर लावलंस मां? मग अँप थंय ठेव,” म्हणाला. रुद्रेशदा म्हणाला नाही.

जयरामला सांगितलं तर तो हसला. “जावं दे रे. दुसरो माणूस घेतलंय आता.”

“दिनकराक परत बोलव.”

“बघूया,” जयराम म्हणाला आणि त्याने फोन कानाला लावला.

राहिले यशवंत. मांडव केव्हाच उतरला होता, पाहुणे आपापल्या गावी पांगले होते. त्यांना आता कोण कुठे गाठणार? घरापुढच्या बाल्कांवात बसलेल्या यशवंतांना रुद्रेशने सगळं सांगितलं. ते कपाळाला आठी घालून आठवू लागले.

“वायरमन? खंयचो रे वायरमन?” मग आत हाक मारली, “गे, च्या हाड. रुद्रेश इलो हा.”

चहा आला. नको म्हणायचं धैर्य रुद्रेशला झालं नाही. मान खाली घालून त्याने तो संपवला.