तिला ‘जा’ म्हणायचं राहिलं

आई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. शाळा सुटल्यावर घरी आले, किल्ली लावून दार उघडलं, तर दारालगतच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर ती बसलेली होती. डोक्यावरून पदर, पायात चपला, मांडीवर औषधांच्या कागदांची पिशवी, डोकं भिंतीला टेकलेलं. वाटलं, डोळा लागलाय. “आई, चपला घालून कुठं निघालीस?” असं मी विचारलंसुद्धा... दवाखाना नगरच्या सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या अगदी समोर आहे. रस्ता ओलांडला की झालं. तेवढाही तिनं ओलांडला नाही. दुपारी तिनं मला फोन करून विचारलं होतं, “सुनंदा, डाक्टरकडं जाऊ का?” आणि मी तिला जा म्हणाले नव्हते.

याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, तुमचा काय दोष, वय झालं होतं. त्यांना आमची हकीकत माहीत नाही. मीच कधी कुणाला सांगितली नाही.

आईचं नाव हिराबाई. तिचं नाव पेपरात पहिल्यांदाच छापून येतंय. नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पुढं आत शेतात एक मठ होता. महाराजांचं नाव लिहीत नाही. ते वारले, मठाला कुलूप लागलं, पण त्यांना मानणारी माणसं आहेत आणि त्यातली पुष्कळशी भोळी आहेत. माझ्या वडिलांची दारू त्या महाराजांनी सोडवली. त्या उपकारापायी वडील बायकोला घेऊन मठातच राहायला गेले. माझा जन्म तिथला. मी सहा वर्षांची असताना वडील वारले आणि आम्ही दोघी तिथंच राहिलो. तिथं एकच मोठा नियम होता, बाकीचे सगळे त्याच्या पोटातले. आज्ञेशिवाय काही करायचं नाही. पाणी प्यायचं असो, ताटावर बसायचं असो, उंबरा ओलांडायचा असो, आधी “आज्ञा?” म्हणायचं आणि वरच्या माणसानं ‘पी’, ‘बस’, ‘जा’ म्हणेपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही तर उभं राहायचं. माणूस स्वतःच्या मनानं वागला की बुडतो, असं महाराज सांगायचे, आणि नवऱ्याची दारू पाहिलेल्या आईला ते पटायला सोपं गेलं असणार. आम्हा मुलांना तर त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. मासा पाण्याला ओलं म्हणत नसेल, तसं. फाटकाबाहेर जायची आज्ञा मात्र एकट्या थोरल्या मावशी द्यायच्या. त्या महाराजांच्या बहीण, आम्हा सगळ्या बायका-पोरांच्या वरच्या.

मी तेरा वर्षांची असताना माझा मामा, देवळाली प्रवऱ्याचा, घोडेगावच्या बाजारात बैलजोडी विकून मोकळा टेम्पो घेऊन थेट मठाच्या फाटकाशी आला. थोरल्या मावशी दुपारच्या आरतीत होत्या. आई फाटकाच्या आतल्या हौदाजवळ शेणाची पाटी घेऊन उभी. मामा म्हणाला, “पोरीला न्हेतो. शाळंत घालतो. चल गं, चढ!” मला जायचं होतं. शाळा काय असते ते पाहायचं होतं. पण फाटकाच्या आतच मी थांबले आणि म्हणाले, “आज्ञा?” मामा टेम्पोतून खाली उतरला. “आगं, कुनाची आज्ञा? मी मामा हाय तुजा, यमराज न्हाई!” मला हसू आलं, पण पाऊल काही उचलेना. खरंच उचलेना. तेव्हा आईनं एकदा आरतीच्या आवाजाकडं पाहिलं, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “जा.” आपल्याकडं घरातून निघणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही, ‘ये’ म्हणतात. तिनं विचार करून ‘जा’ म्हटलं. ती आज्ञा द्यायचा तिला काही अधिकार नव्हता. त्याबद्दल तिला दोन महिने कुणाशी बोलू दिलं नाही, हे मला फार नंतर कळलं.

त्या एका शब्दावर मी शिकले. मामाच्या घरी राहून दहावी केली, नगरला कॉलेज केलं, बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? वसतिगृहात पहिलं वर्षभर जेवणाची घंटा झाली तरी मी ताटासमोर बसून राहायचे. मैत्रिणी म्हणायच्या, “हिला आमंत्रण लागतं!” एकेक सवय मी दात-ओठ खाऊन मोडली. मठात आईला भेटायला दोनदा गेले, दोन्ही वेळा फाटकावरून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेले नाही. नोकरी होती, परीक्षा होत्या... कारणं पुष्कळ होती.

सहा वर्षांपूर्वी महाराज वारले, वारसांची भांडणं लागली आणि मठ बंद झाला. मामा आईला माझ्याकडं घेऊन आला. दार सताड उघडं, मी समोर उभी, आणि ती जिन्यात थांबलेली. “येऊ?” मी रडत म्हणाले, “ये गं, तुझंच घर आहे.” मग ते रोजचंच झालं. पानी पिऊ? पंखा लावू? निजू का? भाजीवालीला विचारायची, भेंडी निवडून घेऊ का? रिक्षात बसायच्या आधी विचारायची, बसू का? एक रिक्षावाला म्हणाला, “आजी, नको म्हणलो तर माझा धंदा कसा व्हायचा?” हे ऐकून समोरच्या फ्लॅटमधली शबाना पोट धरून हसली होती. आईही हसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला मात्र हसू येईना. तिच्यात मला माझंच तेरा वर्षांचं ध्यान दिसायचं. एकदा रागाच्या भरात मी विचारलं, “त्या दिवशी मला जा म्हणालीस, मग तू का नाही टेम्पोत चढलीस? फाटक तर उघडंच होतं.” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला कोन म्हनलं जा?”

यावर मी तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी काय केलं, तर नियम केला. शिकलेली ना मी! म्हटलं, “आई, यापुढं मी उत्तर देणार नाही. तुझं तू ठरवायचं.” पहिले काही दिवस ती रिकामा पेला हातात धरून ओट्याशी उभी राहायची आणि मी मान खाली घालून वह्या तपासायचे. पंधरा दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. शाळेतून आले की भांडी घासलेली असायची, ती जेवलेली असायची. मी टीचर्स रूममध्ये सांगितलं, माझी आई बासष्टाव्या वर्षी स्वतंत्र झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती गेली त्या दिवशी नववीची तोंडी परीक्षा चालू होती. आईचा फोन आला. गुडघा दुखत असेल, असं मी धरून चालले. मुलगी समोर उभी, मी घाईत. “आई, किती वेळा सांगायचं? तुझं तू ठरव,” असं म्हणून मी फोन ठेवला. काय होतंय, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. ती मात्र तयार झाली होती. पदर घेतला, चपला घातल्या, कागद घेतले आणि दारापाशी येऊन बसली. तिथून पुढं तिला एका शब्दाची गरज होती. वेळेवर आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “सांगता येत नाही, मॅडम.” भला माणूस आहे. माझ्याकडं न बघता म्हणाला.

दहाव्यानंतर शबाना येऊन बसली. ती त्या दिवशी माहेरी गेली होती. म्हणाली, “मॅडम, एक सांगू? मावशी रोज दुपारी माझं दार वाजवायच्या. म्हणायच्या, ‘शबाना, जेवू का गं?’ मी म्हणायची, ‘जेवा ना मावशी, पोटभर जेवा.’ मग घरी जाऊन जेवायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणल्या होत्या. म्हणल्या, सुनंदाला वाटतंय मी सुधारले, तिला बरं वाटू दे.” शबानानं तिला काही शिकवायला घेतलं नव्हतं. विचारलं की ती नुसती हो म्हणायची. तेवढंच तर होतं ते. मला आईनं तेच दिलं होतं, तेही अधिकार नसताना, शिक्षा ठाऊक असताना. माझ्याकडं अधिकार होता, शिक्षा कसलीच नव्हती, आणि मी तिला धडा देत बसले.

स्टूल अजून दारालगतच आहे. त्याच्यावर ती पिशवी आहे आणि खाली चपला आहेत, बाहेरच्या बाजूला तोंड करून. सकाळी शाळेला निघताना मी दार उघडते आणि थांबते. किल्ली हातात, पर्स खांद्याला, काही विसरलेलं नसतं. पाऊल उचलत नाही. इतक्या वर्षांपूर्वी मोडलेली सवय, कुठं दबा धरून बसली होती कोण जाणे. समोर शबाना दाराशी दुधाची पिशवी उचलायला वाकलेली असते. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, “काय झालं, मॅडम?” आता विचारत नाही. माझ्याकडं बघते, स्टुलाकडं बघते आणि हळूच म्हणते, “जा, मॅडम. शाळा भरेल.”

मग मी जाते.