हमीदचाचांनी खोडलेले घोडे

हमीदचाचा घोड्यांची शर्यत बघायचे ती मोबाइलच्या काचेवर अंगठा ठेवून. जॉकी, त्याचा भडक सदरा, टोपी, सगळं अंगठ्याआड. घोडा सरकला की अंगठाही त्याच्याबरोबर सरकायचा. आवाज बंद. खाली उरायचे फक्त चार पाय. "रंग बघितलास की डोला फसला," ते म्हणायचे. "जॉकी पलत नाय, मालक पलत नाय, कागद तर नायच पलत. पाय पलतात. पाय बघ."

'ळ' त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही. म्हसळ्याकडचा, खाडीकाठच्या गावचा माणूस. तरुणपणी मुंबईत रेसच्या तबेल्यात मोतद्दार, मग ओमानमध्ये बरक्याजवळ एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, पागेत बावीस वर्षं. अर्बाब वारला, मुलांनी घोडे विकले, आणि घोड्याच्या श्वासावरून त्याचा ताप ओळखणारा हा माणूस साठीला टेकल्यावर रुसैलच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोक्यांना पट्ट्या मारायला लागला. मी तिथेच स्टोअरला होतो. कामगारांच्या कॅम्पात आमची खोली एक, खाटा सहा. हे लिहिताना माझं डोकं ताळ्यावर नाही, ते आधीच सांगून टाकतो.

दर मार्चमध्ये इंग्लंडात अडथळ्यांच्या शर्यतींचा चार दिवसांचा मेळा भरतो. घोडे कुंपणांवरून उड्या मारत मैल दोन मैल नाही, तीन तीन मैल पळतात आणि शेवटी, दम संपलेला असताना, चढ चढतात. रुसैलमध्ये खोकी बांधणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? काही नाही. पण मोबाइलवरून पैसे लावता येतात, आणि आमच्या कॅम्पचा इनचार्ज दळवी ते लावून द्यायचा. साताऱ्याकडचा, आपलाच माणूस. इथे जुगार हा गुन्हा. सापडलात तर आधी तुरुंग, मग विमान. दळवीला ते माहीत होतं, आम्हालाही. पण कोणाला कुठली खोली आणि कोणाचा सुट्टीचा अर्ज पुढे सरकणार, हेही दळवीच ठरवायचा. म्हणून त्याच्याविषयी सगळे हळू आवाजात बोलायचे. मीसुद्धा. गावी असताना चौकाचौकांत पत्रकं वाटून घसा बसवून घेणारा मी.

मेळ्याच्या आधी आठवडाभर चाचांच्या खाटेभोवती गर्दी. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही. मी वाचून दाखवायचो. घोड्याचं वय, मागच्या पाच शर्यती, कुठे पडला, जमीन ओली होती की कोरडी. इंग्रजी नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, म्हणून ते स्वतःची ठेवायचे. आयाळीच्या वेण्या घातलेला फेव्हरिट घोडा 'नवरदेव'. सगळ्यांच्या पुढे सुसाट सुटणारी घोडी 'आगलावी'. अकरा वर्षांचा, संथ, प्रत्येक कुंपण नीट मोजून उडी मारणारा 'मास्तर'. कारखान्यातला पुठ्ठ्याचा तुकडा मांडीवर, त्यावर मी नावं लिहायची आणि त्यांनी खोडायला सांगायचं.

"नवरदेव खोड."

"चाचा, फेव्हरिट आहे तो! ओळीने चार जिंकलाय."

"सपाटीवर जिंकलाय. उडी मारून उतरतो तेव्हा बघ. उजवा पाय टेकला न टेकला की उचलतो. दुखतंय त्याला कायतरी. मालकाला दिसत नाय, कारन मालक वेण्या बघतो. शेवटचा चढ हाय ना, तिथे लगीन मोडनार."

"आणि आगलावी?"

"मैदान डाव्या हाताला वलतं आनि ही दर कुंपनाला उजवीकडे उडते. प्रत्येक वेलेला हातभर जमीन फुकट देते. वीस कुंपनं हायत. तू शिकलेला ना? कर हिशोब. खोड."

समोरच्या खाटेवरचा विलास, गुहागरचा इलेक्ट्रिशियन, दरवर्षी तेच विचारायचा, "मग राहिलेल्यातला कोणता लावू, चाचा?"

"लाव असं मी बोललो? मी फक्त नको सांगतो. लाव सांगनारा दुसरा हाय, त्याला इचार."

हे त्यांनी शंभरदा सांगितलं असेल. कोणी ऐकलं नाही. 'चाचांनी खोडला नाही' याचा अर्थ कॅम्पात 'चाचांनी दिला' असाच व्हायचा. पुठ्ठ्याचे फोटो निघायचे, ब्लॉकभर फिरायचे, आणि माणसं दळवीच्या दाराशी उभी राहायची.

मी भांडायचो. "नमाज पढून जुगाराचं बोलता, चाचा?"

"मी घोड्याचं बोलतो, पत्रकवाल्या. जुगाराचं तुमी ऐकता."

त्यांनी स्वतः आयुष्यात एक बैसा, म्हणजे इथला एक पैसासुद्धा, लावला नाही. पण गप्प बसता येत होतं की नाही? येत होतं. का बसले नाहीत, ते मला तेव्हा कळलं नाही. अख्खं वर्ष त्या माणसाला "ए बुढ्ढा, यल्ला, जल्दी कर" एवढंच ऐकू यायचं. चार दिवस कोणीतरी विचारायचं की तुला काय दिसतं.

आणि दिसायचं, हो. स्टोअरच्या शिडीवरून माझा पाय मुरगळला तेव्हा कंपनीच्या दवाखान्याने दोन गोळ्या देऊन मला फिट ठरवलं. चाचांनी बसमधून उतरताना पाहिलं आणि म्हणाले, "वजन बाहेरच्या कडेवर टाकतोस. आठ दिवस बस." मी म्हटलं, माणसाला घोड्यासारखं राबवतात साले, यावरच पत्रक काढतो. चाचा उखडले. "'घोड्यासारखं' असं बोलू नको. माज्या पागेत लंगड्या घोड्याला कोन भायेर काढत नव्हतं. घोड्याला डाक्तर येतो. तुला गोली येते."

साठीनंतर हा माणूस घरी का गेला नाही? मुलगे बोलवत होते, नातवंडं होती. कारण रीम. अर्बाबच्या पागेतली एक म्हातारी घोडी, जी कोणीच विकत घेतली नाही. मुलांनी तिला रिकाम्या फार्मवर एका राखणदाराच्या भरवशावर सोडून दिलं होतं. चारा-पाणी तो घालायचा, पण खुरं कोण तासणार? खुरं वाढली की घोडा आधी चालायचा थांबतो, मग उठायचा. चाचा दर शुक्रवारी नमाजनंतर टॅक्सीत जागा धरून बरक्याला जायचे. रीम दुसऱ्या कोणाला पाय देत नसे. "ती हाय तवर मी हाय इथे," म्हणायचे. "तिला माती दिली की त्याच दिवशी खलास, घरी." त्यांना ओमानमध्ये एवढंच हवं होतं. पगारवाढ नको, सुपरवायझरची टोपी नको. एका घोडीचा शेवट होईपर्यंत व्हिसा.

गेल्या मार्चमध्ये मेळा आणि रमजान एकत्र आले. मोठी शर्यत इफ्तारनंतर होती. खजुराच्या बिया अजून ताटलीत, आणि एका मोबाइलवर अकरा डोकी. नवरदेव शेवटच्या चढावर चालायलाच लागला, चाचांनी सांगितलं होतं अगदी तसाच. आगलावी कुठल्या कुठे. आणि मास्तर, ज्याला चाचांनी खोडलं नव्हतं, तो शेवटून दुसऱ्या कुंपणाशी समोर पडलेल्या घोड्यावर आदळला आणि उठला नाही. माणसं धावली, त्याच्याभोवती पडदे धरले. पडदे धरले म्हणजे घोड्याला आता तिथेच संपवणार, हे खोलीत फक्त चाचांना माहीत होतं. त्यांनी मोबाइल उशीवर पालथा घातला.

विलास ओरडत होता, "तुम्ही सोडला होता तो! तुम्ही सोडला होता!" त्याने तीन वर्षांनी घरी जायच्या तिकिटाचे पैसे दळवीकडे जाऊन मास्तरवर लावले होते. चाचा रडत होते, पण विलाससाठी नाही. घोड्यासाठी. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या प्रिंटरवर मी पत्रक काढलं. 'घोडा कोणाचा, पाठ कोणाची?' आजही म्हणतो, लिहिलं झकास होतं. मोठे मासे, परदेशी कंपन्या, गरिबाच्या स्वप्नांचा बाजार, सगळं होतं. आणि मधोमध एक परिच्छेद: 'आपल्याच ब्लॉकमध्ये खाटेवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन, पांढऱ्या दाढीआडून जो तज्ज्ञ घोडे ठरवून देतो, त्याला जाब विचारा.' नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. दळवीचं नावही नव्हतं, आणि त्याच्याकडे बोट जाईल असा अर्धा शब्दसुद्धा नव्हता. मी स्वतःला सांगितलं, पुरावा नाही. खोटं. माझा सुट्टीचा अर्ज त्याच्या टेबलावर होता.

भांडी घासायच्या मोरीजवळ चार प्रती चिकटवल्या, बसच्या सीटांवर बाकीच्या. संध्याकाळी दळवी जिन्यात भेटला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान लिहितोस रे तू! मॅनेजरसाहेबांना मीच वाचून दाखवलं, इंग्रजी करून. एक शब्द सोडला नाही."

मॅनेजरने चाचांना बोलावलं. पुठ्ठ्यांचे फोटो टेबलावर मांडलेले. पोलिसात देतो, नाहीतर व्हिसा रद्द करून चार दिवसांत गुपचूप जा. मी धावत मॅनेजरकडे गेलो. सांगितलं की पैसे दळवी घेतो, साहेब. अख्ख्या कॅम्पला विचारा.

"तुझ्या पत्रकात त्याचं नाव आहे का?" मॅनेजर म्हणाला.

"नाही."

"आणि म्हाताऱ्याचं वर्णन आहे?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने पुढची फाइल उघडली. विलासला साक्ष द्यायला चल म्हटलं, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याला दोष देणारा मी कोण?

चाचा बॅग भरत होते. काय असणार बॅगेत? दोन लुंग्या, नमाजाचा मुसल्ला, नातीसाठी घेतलेली बाहुली. मी म्हटलं, "चाचा, मी दुसरं पत्रक काढतो. दळवीचं नाव घालून."

"काढ."

"चुकलं माझं. खरं तर दळवीने..."

"दलवीचं काय सांगतोस?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "दलवी दलवीसारखा वागला. त्याच्याकडून मी काय दुसरं मागितलं होतं? पन तू वाचून दाखवायचास मला. माज्या मांडीला मांडी लावून. 'नको' किती येला बोललो ते तू ऐकलंयस. ते लिवलंस? नाय. दाढी लिवलीस."

एअरपोर्टच्या गाडीजवळ दळवी सह्यांचे कागद घेऊन उभा होता. चाचांनी सही केली, त्याच्याशी हात मिळवला, ड्रायव्हरशी मिळवला. माझा हात पुढेच राहिला. रीमचं नावसुद्धा त्यांनी माझ्यापाशी काढलं नाही. ते मला सर्वांत जास्त लागलं. लागायलाच हवं होतं.

दुसरं पत्रक मी काढलं. दळवीचं नाव मोठ्या अक्षरात, खाली माझं. मला स्टोअरमधून काढून ट्रक भरायला लावलं, वर कारणे दाखवा नोटीस. दळवीला दुसऱ्या, मोठ्या कॅम्पवर पाठवलं. ही शिक्षा म्हणे! तिथे माणसं दुप्पट आहेत.

बरक्याला जायला मला सात शुक्रवार लागले. दरवेळी काहीतरी सबब काढायचो. आठव्या शुक्रवारी गेलो. रीम खजुरीच्या सावलीत उभी होती, बरगड्या दिसत नव्हत्या, पण पुढची खुरं चपलेसारखी लांब होऊन वर वळलेली. चार पावलं चालली आणि थांबली.

"आप हमीदभाई के कौन?" राखणदाराने विचारलं.

"जिसने उनको निकलवाया, वो."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आत जाऊन चाचांची गोणपाटाची पिशवी आणली आणि माझ्या पायाशी टाकली. आत खूर तासायची सुरी, लांब कानस आणि एक चामड्याचा तुकडा.

मी चाचांना फोन लावला. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. उचलतील असं वाटलं नव्हतं.

"चाचा, रीमजवळ उभा आहे."

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"मागून जाऊ नको," शेवटी आवाज आला. "लाथ मारेल. मारायलाच पायजे तुला, पन मागून जाऊ नको. डाव्या बाजूने जा. तिच्या खांद्याला खांदा लाव. हात हलूहलू खाली ने. पाय खेचू नको. वाट बघ. देईल तेवा देईल."

फोन छातीच्या खिशात तसाच चालू ठेवून मी खांदा लावला. तिच्या अंगाला गवताचा आणि उन्हाचा वास होता. ती कान मागे टाकून उभी राहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझी पाठ भरून आली, शर्ट अंगाला चिकटला. चाचांनी फोन ठेवला नाही. अर्धा तास उलटून गेल्यावर तिने पुढचा डावा पाय ढिला सोडला, आणि त्याचं सगळं वजन माझ्या हातात आलं.

"दिला, चाचा."

"मग बोलत काय बसलास? कानस घे."