मामाचे चरबीचे फुगे

जगातलं कुठलंही औषध वाईट नसतं, त्याला फक्त आत शिरायची वाट सापडत नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस परळीत होऊन गेला, आणि तो माझा मामा होता. स्टेशनजवळ त्याचं औषधांचं दुकान. परदेशी क्रीमच्या डब्या तेव्हा नुकत्याच आपल्याकडे येऊ लागल्या होत्या. अशाच एका डबीतल्या कागदावर त्याने वाचलं, की चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत औषध भरलं की ते कातडीत खोल उतरतं आणि सुरकुत्या जातात. झालं! डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्यालाही मामा आधी फुगे समजावून सांगू लागला. खात्री करून घ्यायला म्हणून ते महागडं क्रीम तो फक्त उजव्या गालाला लावी. डावा गाल गावच्या औष्णिक वीजकेंद्रातून उडणाऱ्या राखेच्या हवाली. "कोणता गाल तरणा झाला, मामा?" गिऱ्हाइकं विचारत. "तुमीच सांगा," म्हणत तो दोन्ही गाल पुढे करी. कुणालाच सांगता येत नसे. मामी म्हणे, "दोन्हीकडून म्हातारेच दिसताव. आदी दाढी करा."

पुढे माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या अक्काच्या, नाकात बुरशी झाली. तिला मधुमेह होता. बुरशी डोळ्यामागे सरकू लागली. डॉक्टरांनी नाक साफ केलं, पण बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्या मूत्रपिंडांना सोसेना, आणि ते थांबवलं तर डोळा काढावा लागणार होता. "हेच औषध चरबीत बांधलेलं मिळतं आता. मिळालं तर बघू," डॉक्टर म्हणाले. मामा त्यांना काहीही समजावून न सांगता उठला आणि त्याने हैदराबादची गाडी धरली.

परतला तो भाजीवाल्यासारखा. मोठ्या थर्मासात बर्फ, बर्फावर काकड्या आणि काकड्यांच्या मधोमध औषधाच्या बाटल्या.

"मामा, भाजी कावून आणली?" सिस्टरने विचारलं.

"बरफ थेट लागला तर फुगे फुटतेत, बाई. गरम झालं तरी बिघडतंय. काकडी मधी बसून सांभाळती."

वाटेत स्टेशनास्टेशनवर सरबतवाल्यांशी भांडून त्याने बर्फ मिळवला होता. सलाईन सुरू झाल्यावर त्याच काकड्या धुऊन, मीठ लावून त्याने वॉर्डभर वाटल्या. मग आईच्या पायाशी बसून तो थेंबांकडे बघत राही. "अक्के, उतरतंय का गं आत?"

"उतरंल की. मला झोपू दे रे जरा."

डोळा वाचला. आभार मानायला गेलो तर म्हणाला, "माझं काय हाय त्यात? मी नुसता हमाल."

गेल्या महिन्यात मामा गेला. आईला धरून मी त्याच्यापाशी नेलं. एरवी ती कुणासमोर रडत नाही. मी रुमाल पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.