मध्येच थांबणारं गाणं

नव्वदच्या सुमारास जळगावात माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. थ्रॅश मेटल या वेगवान, कर्कश रॉक संगीताची वेडी पोरं तिथे संध्याकाळी जमायची आणि अमेरिकन बँड मोठे की जर्मन, यावर भांडायची. त्यात अमळनेरहून पॅसेंजरने येणारा एक जण असे. नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो दोन बोटांनी मांडीवर ड्रम वाजवायचा. बाजू कायम जर्मनांची.

"तुमचे अमेरिकावाले गाणं संपवतात, भाऊ. माझे तोडतात," तो म्हणायचा. "शेवटचं गाणं ऐका. ऐन जोरात खटकन बंद! एवढी हिंमत कोनामा शे?"

"तुझ्या टेपमध्ये सरकी अडकली असेल!" पोरं हसायची.

त्याची बोटं थांबायची. "नाना, कॅसेट तुम्हीच भरली. तुम्ही सांगा."

मी खाली बघून दुसऱ्या कॅसेटवर चिठ्ठी चिकटवत राहायचो. खरं एवढंच होतं, की त्याला दिलेली कॅसेट लांबीला कमी होती. गाणं संपायच्या आत फीत संपली होती. सांगितलं तर दुकानाचं नाव खराब होईल, म्हणून मी बोललो नाही. एकदा पोरं फारच हसली, तेव्हा तो उठून गेला. पुन्हा आला नाही.

ते गाणं पुढे हळूहळू विरत संपतं, अमेरिकावाल्यांसारखंच. मूळ कॅसेट अजून माझ्याकडे आहे. कधी लावलीच, तर त्याची फीत जिथे संपायची ती जागा आली की मी बंद करायचं बटण दाबतो. पुढचं मला ऐकवत नाही.